कोवळं ऊन

आमच्याकडे माणूस अशक्त झालं की त्याला सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवतात. बाळंतीण असो, तापातून उठलेलं पोर असो, नाहीतर म्हातारं माणूस असो. अंगणात पोतं टाकायचं, उन्हाकडे तोंड करायचं आणि चटका लागेपर्यंत बसायचं. माझी मुलगी प्रणाली जन्मली तेव्हा माझ्या सासूबाई तिला तेल लावून पायांवर घ्यायच्या आणि असंच ऊन द्यायच्या. त्या उन्हाला आमच्यात कोणी ऊन मानतच नाही. ते कोवळं. ऊन म्हणजे दुपारचं, ज्यात कुत्रंसुद्धा टेम्पोखाली जाऊन झोपतं ते.

माझ्या बाबतीत पुढे जे झालं ते या एका शब्दापायी झालं.

मी चौथीपर्यंत शिकले. चार माणसांत मला बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही. दवाखान्यात माझ्या शेजारी नव्या बायका येऊन बसतात. ओढणी गालावर ओढलेली, मान खाली. मला कळतं की हिलाही तेच आहे. सांगावंसं खूप वाटतं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. मग घरी येऊन लिहिते. त्यांना सांगितलं असतं ते कागदाला सांगते.

गालावरचं

मी वडप्याला एका गोडाऊनमध्ये खोक्यांवर स्टिकर लावायचं काम करत होते. आमचं घर भिवंडीजवळ अंजूरला. सकाळी नाक्यावर गाडी यायची, संध्याकाळी सोडायची. माझं टेबल शटरपाशी होतं. गाड्या लागायच्या, माल चढायचा, शटर दिवसभर उघडं. ऊन माझ्या तोंडावर यायचं ते मला चांगलंच वाटायचं. आतल्या बायका म्हणायच्या, तुला तरी हवा लागते.

आधी बोटं दुखायला लागली. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. केस गळायचे. तोंडात फोड यायचे, जेवताना आमटी झोंबायची. मग गाल लाल झाले. नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेले, आरशात बघितलं तर कोणीतरी दोन्ही हातांनी थोबाडीत मारल्यासारखे दिसत.

शेजारणी म्हणाल्या, उष्णता झाली, सब्जा पी. गावातल्या डॉक्टरांनी ॲलर्जी सांगितली. प्रणालीचे पप्पा काल्हेरच्या गोडाऊनांमधून टेम्पो चालवतात, ते म्हणाले, "गोडाऊनच्या धुळीचं असेल. तोंड धू साबणाने." मी साबणाने धूत राहिले. तोंड जास्तच पेटलं. पुढे पायऱ्या चढताना धाप लागायला लागली आणि बारीक ताप उतरेना, तेव्हा त्यांनीच एक दिवस भाडं सोडलं आणि मला ठाण्याच्या बाजूला मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं.

तिथे रक्त घेतलं. गालाजवळचा कातडीचा बारीकसा तुकडा घेतला. पुढच्या वेळी या, म्हणाले.

लूमचा आजार

ती पुढची वेळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. प्रणालीचे पप्पा टेम्पो लावायला जागा शोधत होते आणि माझं नाव पुकारलं. मी एकटीच आत गेले.

डॉक्टर बाई माझ्याहून लहान असतील. त्यांनी कागद बघितले आणि म्हणाल्या, "ताई, तुम्हाला ल्युपस आहे."

मला ऐकू आलं, लूम.

मी म्हणाले, "मी लूमवर कधी गेले नाही. मी गोडाऊनला आहे."

त्यांना आधी कळलंच नाही. मग हसल्या. भिवंडीत राहणाऱ्या माणसाला दुसरं काय ऐकू येणार? घराघरातून कापड विणणाऱ्या लूमचाच आवाज येतो. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सावकाश सांगितलं. आपल्या अंगात एक ताकद असते, ती रोगापासून राखण करते. या आजारात ती राखण करणारी ताकदच उलटते आणि घरच्या माणसांना मारायला लागते. कुणाचे सांधे धरते, कुणाची कातडी. ऊन लागलं की ती चवताळते.

"आज गालावर दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण हे मूत्रपिंडात उतरलं तर अवघड होईल. ते वरून दिसत नाही. लघवीला फेस यायला लागला, पाय सुजले, तर त्याच दिवशी यायचं. गोळ्या बंद करायच्या नाहीत. ऊन टाळायचं. आणि तोंडाला रोज उन्हाची क्रीम लावायची, रोज."

मी मान हलवली. मी नेहमी मान हलवते.

बाहेर बाकावर काळ्या बुरख्यातली एक बाई बसली होती. तिने नकाब वर केला तर तिचेही गाल तसेच. मला बघून म्हणाली, "तुमको भी वही बोला? लूपस?"

मी हो म्हणाले.

"मेरे घर में सब बोलते हैं, मियाँ लूम चलाता है, बीमारी बीवी को लग गई." ती मोठ्याने हसली. तिचं नाव रुखसाना. तिचे दात फार सुंदर होते. मला वाटलं, ही हसते आहे म्हणजे एवढं काही नसेल.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. मी त्यांना आई म्हणते. आई म्हणाल्या, "लूमचा आजार? तू तर गोडाऊनला जातंस!" मी परत समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "अंगात ताकद न्हाय ना? मग ताकद आनू."

क्रीम

उन्हाची क्रीम म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. आम्ही तोंडाला थंडीत कोल्ड क्रीम लावतो, एवढंच. डॉक्टर बाईंनी चिठ्ठीवर नाव लिहिलं होतं, पण ती क्रीम नाक्यावरच्या मेडिकलमध्ये नव्हती. दुकानदार म्हणाला, हीपण तीच, हिरोइनी लावतात. मी घेतली. तिला गुलाबासारखा वास होता. लावली आणि दोन्ही गालांवर ठेचा चोळल्यासारखं झालं. डोळ्यांतून पाणी. मी नळाखाली तोंड धरून उभी राहिले आणि आई मागून विचारत होत्या, "क्रीम हाय का तेजाब?"

मग माझ्या नणंदेने, सुरेखाने, बाजारातली एक ट्यूब आणून दिली. गोरं करणारी. म्हणाली, "वैनी, ही लाव, आठवड्यात डाग जातात." आणि खरंच लाली गेली. गोडाऊनमध्ये बायका म्हणाल्या, काय लावतेस गं? मला वाटलं सुटले. थोड्याच दिवसांत कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली, बारीक शिरा दिसायला लागल्या, आणि मग लाली अशी उसळून आली की पहिली बरी म्हणावी.

डॉक्टर बाईंनी ती ट्यूब माझ्या हातातून घेतली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. "हिने ऊन अडत नाही. हिच्यात औषध आहे, ते आमच्या सांगण्याशिवाय तोंडाला लावायचंच नाही. ट्यूबवर गोरी बाई दिसली की ती क्रीम घ्यायची नाही, एवढं लक्षात ठेवा."

मग त्यांनी स्वतः एक ट्यूब काढून दाखवली. वास नाही, रंग नाही, चुन्यासारखी पांढरी. म्हणाल्या, आपल्या कातडीला वासाची आणि पातळ पाण्यासारखी क्रीम झोंबते. ही जाड असते, पांढरी दिसते, पण वरच्यावर बसून राहते. नवीन कुठलीही आणली तरी आधी तोंडाला लावू नका. कानामागे थोडी लावायची, दोन-तीन दिवस बघायचं. खाज आली नाही, लाल झालं नाही, तर मग गालाला. आणि टिकलीएवढी लावून काही होत नाही. पहिल्या दोन बोटांवर बुडापासून टोकापर्यंत रेघ ओढायची, तेवढी तोंडाला आणि मानेला. बाहेर पडायच्या थोडं आधी लावायची. घाम आला, तोंड पुसलं, की पुन्हा.

कानामागे लावली तेव्हा मी भीतभीत झोपले. सकाळी काही नव्हतं. त्या सकाळी मला इतका आनंद झाला की मी आईंना उठवून कान दाखवला.

पीठ

पण ती पांढरी क्रीम पांढरीच राहायची. माझा रंग सावळा. कितीही जिरवली तरी तोंड राखेसारखं दिसायचं. मला लोकांनी बघितलेलं आवडत नाही, आणि आता सगळे बघायचे. नाक्यावर गाडीची वाट बघताना मी खांबाकडे तोंड करून उभी राहायचे.

गोडाऊनमध्ये दुसरीच अडचण झाली. बोटांना क्रीम लागायची, बोटं खोक्यांना. सुपरवायझरने एक खोकं उचलून सगळ्यांसमोर दाखवलं. "दीदी, ये बक्से पे सफेद ठप्पा किसका है? माल वापस आया तो जवाब आप देंगी?" त्या दिवसापासून गाडीतून उतरले की ओढणीने तोंड पुसायचे आणि टेबलावर जाऊन बसायचे. शटरपाशी.

मग सुरेखाच्या दिराची हळद आली. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. आख्खं गाव, बँडबाजा, जेवणं. हळद भरदुपारी लागली, मांडवाचं कापड पातळ, आत सगळा पिवळा उजेड. मी क्रीम नीट लावून गेले होते. बायकांनी मला बघितलं आणि सुरेखाची जाऊ ओरडली, "वैनी, तू तर पीठ लावून आलीस! आता वरना हळद लावली की भजीच तळायची!"

मांडवभर हसू पिकलं. मीही हसले. जोक चांगला होता, आताही आठवला की हसू येतं. पण तेव्हा मी मोरीत गेले आणि खसाखसा तोंड धुतलं. मग दिवस मावळेपर्यंत तशीच मांडवात होते. त्यांनी हळद लावली तीही लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी ताप भरला. अंगाला हात लागलेला सहन होईना. डॉक्टर बाईंनी गोळ्या वाढवल्या, कामावर जाऊ नका म्हणाल्या. गोडाऊनचं काम तिथेच सुटलं.

पोतं

घरी राहिले आणि आईंनी मला हातात घेतलं. आईंचं वय झालं आहे, पण खाडीच्या कडेने शेतात काम केलेली बाई, मनगट अजून लोखंडाचं. सकाळी नाचणीची पेज. संध्याकाळी पाय चेपायच्या. सून असून माझे पाय सासूने चेपावेत याची मला लाज वाटायची, तर म्हणायच्या, "गप पड. मी काय तुझे पाय धरते काय? दुखनं धरते."

आणि रोज सकाळी अंगणात पोतं. समोर पूर्वी आमच्या भावकीचं भाताचं शेत होतं, आता तिथे गोडाऊन आहे. त्याच्या छपरावरून सूर्य वर आला की आई हाक मारायच्या, "ऊन आलं गो!" मी उठून जायचे आणि पोत्यावर बसायचे. तोंड उन्हाकडे करून, डोळे मिटून. बरं वाटायचं. डोळ्यांच्या आत लाल लाल दिसायचं. आई शेजारी बसून सुका जवळा निवडायच्या आणि जुन्या गोष्टी सांगायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघी इतक्या जवळ कधी बसलो नव्हतो.

चटका लागला की मी आत यायचे, तोंड धुवायचे, दोन बोटांवर रेघ ओढून क्रीम लावायचे. कारण आता ऊन सुरू होणार. मग दिवसभर घराबाहेर पाय ठेवायचे नाही. मी सगळं सांगितलं तसं करत होते. डॉक्टरांनी ऊन टाळायला सांगितलं होतं, मी ऊन टाळत होते.

तरी मी उतरत चालले. गोळ्या वाढल्या, तोंड गोळ्यांनी गोल झालं, पण अंगातला ताप जाईना. गालावरची लाली मानेवर आली, मग छातीच्या वरच्या भागात, जिथवर गाऊनचा गळा उघडा असतो तिथवर. आई म्हणाल्या, ताकद कमी पडते, अजून थोडा वेळ बस. मी अजून थोडा वेळ बसायला लागले.

एकदा प्रणाली माझ्या पायाशी खेळत होती. तिने माझ्या नडगीवर बोट दाबलं आणि काढलं. खड्डा पडला. तिला मजा वाटली. तिने अजून एक पाडला, शेजारी अजून एक. "मम्मी, बघ, पिठात बोट घातल्यासारखं होतंय."

मी तिचा हात धरला. मग उठून मोरीत गेले आणि बघितलं. फेस होता. साबणाच्या पाण्यासारखा, पाणी ओतलं तरी जात नव्हता.

मी त्या मोरीत बराच वेळ उभी होते. बाहेर येऊन कोणाला कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं.

डॉक्टरीन बाय

प्रणालीचे पप्पा लांबच्या भाड्यावर होते, म्हणून आई माझ्याबरोबर आल्या. पिशवीत पेजेचा डबा घेऊन.

डॉक्टर बाईंनी माझे पाय दाबून बघितले. लघवी तपासायला पाठवली. कागद आला तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. म्हणाल्या, "क्रीम लावता?"

"हो."

"किती?"

मी दोन बोटं दाखवली.

"उन्हात जाता?"

"नाही."

"खरं सांगा ताई. मी रागावणार नाही. मग हे इतकं कशाने वाढतंय? सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा."

मी म्हणाले, "काही नाही." मला खरंच तसंच वाटत होतं. उठते, तोंड धुते, बसते. बसणं हे काही करणं नाही.

मला बोलता येत नाही हे बघून आई पुढे झाल्या. माझी बाजू घ्यायला. "डॉक्टरीन बाय, हिची हयगय आमी करत न्हाय हां. रोज सकालचं कवलं ऊन देते हिला. एक दिस चुकवला न्हाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "किती वेळ?"

"चटका लागंपर्यंत. हल्ली जरा जास्तच."

"क्रीम लावून?"

आई हसल्या. लहान पोराने वेडं काही विचारलं की हसतात तसं. "कवल्या उनाला क्रीम कशाला लावल?"

बाईंनी आईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटतं त्यांच्याही घरी कोणीतरी बाळाला असं ऊन दिलं असेल, कारण त्या रागावल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "आजी, कोवळं असलं तरी ते ऊनच. दुसऱ्याला चांगलं. हिला नाही. उन्हातून मिळते ती ताकद हिला गोळीतून मिळते, मी देतेय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी नुसतं ऊन म्हणाले. उजेड म्हणायला हवं होतं."

आणि मला त्याच दिवशी भरती केलं.

आईंनी पेजेचा डबा माझ्या उशाशी ठेवला. जाताना दारात थांबून त्यांनी आपले हात बघितले, दोन्ही बाजूंनी, जणू काही लागलंय का ते बघत होत्या.

वॉर्ड

वॉर्डात सकाळ फार लवकर होते. वजन करायचं, लघवी मोजून बाटलीत ठेवायची, रक्त द्यायचं. मग दूध आणि पाव. मूत्रपिंडाचा तुकडा काढायला पालथं झोपवतात आणि श्वास धरायला सांगतात. सुई आत जाते तेव्हा टक असा आवाज होतो. दुखत कमी, पण तो आवाज राहतो. नंतर हालायचं नाही. मी छताकडे बघत पडून राहिले आणि एकच विचार करत होते, प्रणालीची वेणी आज कोण घालणार.

मला खिडकीजवळची खाट मिळाली होती. सकाळी ऊन थेट उशीवर. मी सिस्टरला सांगू शकले नाही. चादर तोंडावर घेऊन, भिंतीकडे वळून पडायचे. तेव्हा पलीकडून ओळखीचा आवाज आला, "सिस्टर! इसको अंदर डालो ना! इसको धूप खाती है!"

रुखसाना. तिच्या गळ्याजवळ नळी लावली होती. मूत्रपिंडं थांबली होती, रक्त यंत्रातून धुऊन घ्यायची. एका आजींनी खुशीने खाट बदलून दिली, त्यांना थंडी वाजायची. रुखसाना मला म्हणाली, "बहन, इतना शर्माएगी तो मर जाएगी." आणि हसली. दात तसेच सुंदर होते, पण बाकी काही तसं राहिलं नव्हतं.

मी तिला विचारलं, तू तर बुरख्यात असायचीस, तुला ऊन कसं लागलं?

"नकाब पतला था," ती म्हणाली. "गर्मी में मोटा कौन पहनता है? और दवाई भी छोड़ी थी बीच में. अच्छी हो गई थी ना, इसलिए."

अच्छी हो गई थी ना, इसलिए. हे वाक्य मी लिहून ठेवते. ज्यांना बरं वाटायला लागेल त्यांच्यासाठी.

पत्रा

घरी आले तेव्हा अंगणातलं पोतं नव्हतं. आई माझ्याशी बोलत होत्या, पण माझ्याकडे पाहत नव्हत्या. एका दुपारी पप्पांचा तोल गेला. "आई, मला वाटत होतं औषध लागत नाही हिला. आणि तू रोज हिला उन्हात घालत होतीस!"

आई चुलीपाशी होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुला पन असाच वाढवला."

पप्पा उठून बाहेर गेले. संध्याकाळी मी आपणहून आईंच्या समोर पाय सोडून बसले. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग चेपायला लागल्या.

त्यानंतर आई उजेड शोधायला लागल्या. दुसरा शब्द नाही. घरात फिरायच्या, तळहात पुढे धरून, कुठे उजेड पडतो ते बघत. एक दिवस स्वयंपाकघरात दारापासून लांब बसल्या होत्या आणि त्यांच्या हातावर लख्ख उजेड आला. "आता ह्यो कुठना आला?" बाहेर जाऊन बघितलं तर समोरच्या गोडाऊनचा नवा पत्रा. दुपारी ऊन त्याच्यावर आपटायचं आणि आमच्या चुलीपर्यंत यायचं. मी क्रीम सकाळी एकदाच लावून, घरात आहे म्हणून निश्चिंत, त्या उजेडात भाकऱ्या थापत होते.

आईंनी पप्पांना जाळी आणायला लावली, रोपवाटिकेत वर बांधतात ती हिरवी. पुढच्या ओटीवर ताणून बांधली. आता आमचं घर आतून पाण्याखाली असल्यासारखं हिरवं दिसतं. प्रणालीच्या मैत्रिणी म्हणतात, तुमच्याकडे मासे राहतात का?

क्रीम मला प्रणाली लावते. माझी बोटं अजून नीट वळत नाहीत. ती दोन बोटांवर रेघ ओढते, जीभ बाहेर काढून, चित्र रंगवल्यासारखी. "कान राहिले, मम्मी." कान नेहमी राहतात. मानेची मागची बाजू राहते. ओठ राहतात. पांढरं दिसतं का, असं मी आता विचारत नाही. ती संध्याकाळी खेळून आली की मी तिचे गाल बघते. लाल असले तर हात लावून बघते. तिला वाटतं मी लाड करते.

गेल्या वेळी दवाखान्यात गेले तेव्हा औषधांच्या खिडकीपाशी रुखसानाचा नवरा उभा होता, वॉर्डात तिला डबा घेऊन यायचा तो. एकटाच. तिच्यासाठी औषध घ्यायला आला असेल असं मी मनाला सांगितलं. त्याने मला ओळखलं आणि मान खाली घातली. त्याच्या हातात औषधाची पिशवी नव्हती, फक्त तिची फाइल होती. मी विचारलं नाही. मला विचारता आलं नाही.

आज

सकाळी उठले की मी अंथरुणातच नडगीवर अंगठा दाबते आणि सोडते. गेले काही महिने खड्डा पडत नव्हता. बाई म्हणाल्या होत्या, उतरतंय, गोळ्या कमी करू. आज पडला. उथळ होता. भरला, पण लगेच भरला नाही. कदाचित काल खारवलेला मासा खाल्ला त्याचं असेल. लघवी तपासायला दिली आहे, कागद उद्या मिळेल. घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही, पण या वेळी मी गप्प राहणार नाही. उद्या बाईंसमोर बसले की आधी हेच सांगणार. मनात वाक्य पाठ करून ठेवलं आहे.

बाहेरून आईंची हाक आली, "ऊन आलं गो!"

हाक तीच आहे. पूर्वी ती ऐकली की मी उठून बाहेर जायचे, आता उठून आत सरकते. सकाळचं ऊन तिरपं, ते जाळीखालून आत शिरतं, तिथे काही बांधता येत नाही. म्हणून आई उंबऱ्यावर येऊन बसतात, उन्हाकडे पाठ करून, पदर दोन्ही बाजूंना पसरून. त्यांची सावली आत येते आणि मी तिच्यात बसून प्रणालीकडून क्रीम लावून घेते.

सूर्य वर चढतो तशी सावली आखूड होत जाते. ती माझ्या पायांवरून मागे सरकली की आई न बोलता थोड्या आत सरकतात.